फार्म पद्धती (बेसबॉल)

फार्म पद्धती : व्यावसायिक बेसबॉलमधील खेळाडू घडवण्याची व्यवस्था. अमेरिकेतील मेजर लीगचा (सर्वोच्च व्यावसायिक साखळीचा) प्रत्येक संघ स्वतःच्या मालकीच्या किंवा करारान्वये जोडलेल्या मायनर लीग (खालच्या दर्जाच्या साखळ्यांतील) संघांची उतरंड राखतो. कोवळ्या वयात करारबद्ध केलेले खेळाडू तिच्या तळच्या पायरीपासून चढत जातात आणि त्यांपैकी थोडेच मुख्य संघापर्यंत पोहोचतात. १९६५ पासून अमेरिकेतील नवोदित खेळाडू ‘ड्राफ्ट’द्वारे, म्हणजे संघांनी ठरलेल्या क्रमाने केलेल्या निवडीद्वारे, या व्यवस्थेत येतात.

उगम : पद्धतीचे जनकत्व सामान्यतः सेंट लुईस कार्डिनल्सचे व्यवस्थापक ब्रँच रिकी (१८८१–१९६५) यांना दिले जाते. मात्र एका मालकाने वरिष्ठ व कनिष्ठ असे दोन्ही संघ बाळगण्याचा प्रघात त्यांच्या बराच आधीचा आहे. १८९० च्या दशकात जॉन टी. ब्रश यांच्याकडे सिनसिनाटी व इंडियानापोलिस हे दोन्ही संघ होते. ते खेळाडूंची सोयीनुसार अदलाबदल करीत आणि त्यावर इतर मालकांची तक्रार असे. पुढे क्लीव्हलँडचे मालक चार्ल्स सोमर्स यांनीही अनेक कनिष्ठ संघांत हितसंबंध निर्माण केले होते. यामुळे काही अभ्यासक रिकी यांना केवळ प्रसारक मानतात. परंतु ब्रश व सोमर्स यांच्या व्यवहारांत पायऱ्यापायऱ्यांनी शिक्षण देण्याची योजना आढळत नाही. तेथे कनिष्ठ संघ हे प्रामुख्याने खेळाडू राखून ठेवण्याचे ठिकाण होते. शिक्षणाचा क्रम ठरवून त्यासाठी संघ जमवणे हे रिकी यांचेच कार्य, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

रिकी या मार्गाकडे वळले ते गरजेपोटी. कार्डिनल्सकडे पैसा नव्हता आणि पहिल्या महायुद्धानंतर कनिष्ठ संघांनी आपल्या खेळाडूंच्या किमती वाढवल्या होत्या. कार्डिनल्सने एखाद्या खेळाडूची चौकशी केली, की त्याचा मालक तीच बातमी न्यूयॉर्क जायंट्ससारख्या धनाढ्य संघाला कळवी, असे रिकी सांगत. १९२० मध्ये मालक सॅम ब्रेडन यांच्या काळात कार्डिनल्सने स्वतःचे जुने मैदान सोडून सेंट लुईस ब्राउन्सच्या मैदानावर भाडेकरू म्हणून खेळण्यास सुरुवात केली. जुन्या मैदानाची जागा विकून आलेला पैसा कनिष्ठ संघांतील भागभांडवलाकडे वळवता आला. फोर्ट स्मिथ, ह्यूस्टन व सिराक्यूज येथील संघांत त्यांनी हिस्से घेतले. या खरेदीचा नेमका क्रम निरनिराळ्या वृत्तांतांत निरनिराळा दिला जातो. सर्व व्यवहार साधारणपणे १९१९–२१ या काळातील आहेत. मेजर व मायनर लीगमधील १९२१ च्या नव्या करारात अशा मालकीवरील निर्बंध उठल्याने वाट मोकळी झाली, असे सामान्यतः मानले जाते.

कार्डिनल्सने १९२६ मध्ये आपली पहिली वर्ल्ड सीरीज (मेजर लीगच्या अजिंक्यपदाची मालिका) जिंकली आणि १९३१, १९३४, १९४२, १९४४ व १९४६ मध्ये तिची पुनरावृत्ती केली. डिझी डीन, जो मेडविक, इनॉस स्लॉटर व स्टॅन म्युझियल हे सर्व या उतरंडीतून आले. म्युझियल पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा) म्हणून करारबद्ध झाला होता. १९४० मध्ये खांद्याला दुखापत झाल्यावर तो पूर्णवेळ फलंदाज झाला आणि पुढच्याच वर्षी मुख्य संघात आला. फळाची वाट पाहण्याइतक्या पायऱ्या हाताशी असल्या म्हणजे काय साधते, याचे हे उत्तम उदाहरण होय. १९४० च्या सुमारास कार्डिनल्सच्या छत्राखाली तीसहून अधिक संघ होते.

बेसबॉलचे आयुक्त (सर्वोच्च प्रशासक) केनेसॉ माउंटन लँडिस यांचा या पद्धतीला विरोध होता. गुणी खेळाडू एकाच मालकाच्या कोठारात अडकून पडतात, असा त्यांचा आक्षेप असे. १९३८ मध्ये त्यांनी कार्डिनल्सच्या सत्तरहून अधिक खेळाडूंना करारमुक्त केले. आक्षेप अर्थातच बिनबुडाचा नव्हता. तरीही पद्धत टिकली आणि जॉर्ज वाइस यांच्या देखरेखीखाली न्यूयॉर्क यँकीजने ती तितक्याच यशाने राबवली. रिकी यांनी ती ब्रुकलिन डॉजर्सकडे नेली. मेजर लीगमधील वर्णभेदाची भिंत पुढे मोडणारा कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन १९४६ मध्ये प्रथम डॉजर्सच्या माँट्रियल येथील कनिष्ठ संघातच खेळला.

ड्राफ्ट : दुसऱ्या महायुद्धानंतर शाळकरी व महाविद्यालयीन खेळाडूंना करार करताना मिळणाऱ्या बोनसच्या रकमा भडकल्या. १९६४ मध्ये एंजल्स संघाने रिक रायकार्ट याला दोन लाख डॉलरहून अधिक बोनस दिल्यानंतर ड्राफ्टचा निर्णय लांबवणे अवघड झाले. जून १९६५ च्या पहिल्या ड्राफ्टमध्ये कॅन्सस सिटी अॅथलेटिक्सने रिक मंडे याला सर्वांआधी निवडले. गतवर्षी तळाला राहिलेल्या संघास आधी निवड मिळत असल्याने दुबळ्यांना बळ मिळावे, असा हेतू होता. २०२३ पासून पहिल्या सहा निवडी सोडतीने ठरतात.

निवडीचा क्रम यशाची हमी देत नाही. १९६६ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने प्रथम निवडलेला कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) स्टीव्ह चिलकॉट मेजर लीगमध्ये कधीच खेळला नाही. त्याच्यापाठोपाठ दुसरा निवडला गेलेला मात्र पुढे नामवंत ठरलेला रेजी जॅक्सन होता. उलट पुढे थोर ठरलेले नोलन रायन बाराव्या, अल्बर्ट पुहोल्स तेराव्या, तर माइक पियाझा बासष्टाव्या फेरीत निवडले गेले. ड्राफ्टमुळे गुणवत्ता मिळण्याची संधी बरीच समान झाली. त्यामुळे संघासंघांतील खरा फरक निवडीनंतरच्या शिक्षणात शोधावा लागतो.

याचा सर्वांत ठळक पुरावा लॉस एंजेलिस डॉजर्सचा आहे. त्यांनी १९६८ मध्ये निवडलेल्यांत स्टीव्ह गार्वी, रॉन से, डेव्ही लोप्स, बिल बकनर, बॉबी व्हॅलेंटाइन व जो फर्ग्युसन होते, आणि हा आजवरचा सर्वोत्तम ड्राफ्ट मानण्याकडे बहुतेकांचा कल आहे. पण हे खेळाडू निवडीच्या वेळी जसे होते तसेच यशस्वी झाले नाहीत. लोप्स व त्याच्याआधी निवडलेला बिल रसेल हे मूळचे आउटफिल्डर (मैदानाच्या बाहेरील भागातील क्षेत्ररक्षक). पहिल्याला सेकंड बेसवर, दुसऱ्याला शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधील) जागी आणण्यात आले. थर्ड बेसवरचा गार्वी फर्स्ट बेसवर गेला. ऑग्डेन व स्पोकेन येथील कनिष्ठ संघांत यांपैकी अनेकांना शिकवणारे टॉमी लसोर्डा पुढे मुख्य संघाचेच मॅनेजर झाले. गार्वी, लोप्स, रसेल व से ही चौकडी १९७३ ते १९८१ एकत्र खेळली आणि अखेरच्या वर्षी तिने वर्ल्ड सीरीज जिंकली.

कॅन्सस सिटी रॉयल्सने १९७० मध्ये फ्लॉरिडात स्वतंत्र अकादमी काढून अन्य खेळांतील चपळ तरुणांना बेसबॉल शिकवण्याचा प्रयोग केला. खर्चामुळे ती १९७४ मध्ये बंद पडली, पण तिच्यातून घडलेला फ्रँक व्हाइट रॉयल्सचा आधारस्तंभ ठरला.

आर्थिक बाजू : मेजर लीगमध्ये सुमारे सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत खेळाडूस संघ निवडण्याचे स्वातंत्र्य नसते आणि त्यांपैकी पहिली तीनेक वर्षे वेतनही तुलनेने कमी राहते. घरचा खेळाडू त्यामुळे संघाला स्वस्त पडतो. ह्यूस्टन अॅस्ट्रोजने २०११ ते २०१३ या तिन्ही हंगामांत शंभराहून अधिक सामने गमावले आणि उच्च निवडी मिळवल्या. त्यांतील कार्लोस कोरेआ व अॅलेक्स ब्रेगमन २०१७ ची वर्ल्ड सीरीज जिंकणाऱ्या संघात होते. २०१३ चा प्रथम निवडलेला मार्क अपेल मात्र ह्यूस्टनकडून कधीच खेळला नाही. त्या संघाचा सर्वोत्तम खेळाडू होजे अल्टुव्हे तर ड्राफ्टबाहेरचा, व्हेनेझुएलात किरकोळ बोनसवर घेतलेला होता. खुणा चोरल्याच्या (प्रतिस्पर्धी कॅचरचे पिचरला केलेले इशारे गैरमार्गाने टिपल्याच्या) प्रकरणामुळे या विजेतेपदाला डाग लागला असून हरून निवडी साठवण्याचा मार्ग योग्य की अयोग्य, याबद्दल मतभेद आहेत.

२०२१ च्या पुनर्रचनेत संलग्न संघांची संख्या १२० झाली. प्रत्येक मेजर लीग संघाकडे चार. अनेक लहान गावांचे संघ त्यामुळे या व्यवस्थेबाहेर गेले. डोमिनिकन प्रजासत्ताक व व्हेनेझुएला येथील खेळाडू ड्राफ्टच्या कक्षेत येत नाहीत. संघ त्यांना थेट करारबद्ध करतात. त्यासाठीच्या अकादम्या मुख्यतः डोमिनिकन प्रजासत्ताकात आहेत. भारतातून रिंकू सिंह व दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातील दोन भालाफेकपटू २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सच्या फार्म पद्धतीत दाखल झाले. दोघांचीही वाटचाल मायनर लीगपुरती राहिली.