स्प्रे गन आणि पंपाची सफाई : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या अनेक स्प्रे गन रंगामुळे नव्हे, तर चुकीच्या सफाईमुळे बिघडलेल्या असतात. रात्रभर थिनरच्या डब्यात अख्खी बुडवून ठेवलेली गन हा त्यातला नेहमीचा प्रकार आहे. विरघळलेला रंग थिनरबरोबर हवेच्या मार्गात शिरतो आणि तिथेच वाळतो, तर रंगाचा मार्ग उघडबंद करणाऱ्या सुईभोवतीचे पॅकिंग (गळती रोखणारे सील) फुगते किंवा कडक होते आणि मग गन मागच्या बाजूने गळू लागते. थिनरमध्ये भिजवायचे ते फक्त एअर कॅप (हवेची छिद्रे असलेली पुढची टोपी) आणि नोझल (रंग बाहेर पडण्याचे तोंड).

काम थांबताच गन धुवावी. दोन घटकांच्या इपॉक्सी आणि पॉलियुरेथेन रंगांच्या बाबतीत तर याला पर्यायच नाही, कारण हार्डनर (रंग पक्का करणारा दुसरा घटक) मिसळल्यावर होणारा बदल रासायनिक असतो आणि रंग एकदा पक्का झाला की तो नेहमीच्या थिनरने सुटत नाही. तापमान १० अंश सेल्सियसने वाढले, तर मिश्रण वापरण्याजोगे राहण्याचा काळ साधारण निम्म्यावर येतो. त्यामुळे उन्हाळ्यात जेवणाच्या सुट्टीपूर्वीच गन धुणे भाग पडते.

थिनर एकदम ओतण्यापेक्षा थोडाथोडा वापरावा. समजा, निथळल्यानंतरही कपात आणि नळीत ५० मिली द्रव उरतो. ६०० मिली थिनर एकदम फिरवला, तर उरलेल्या द्रवात रंगाचा अंश सुमारे तेराव्या भागाइतका राहतो. तोच थिनर २०० मिलीप्रमाणे तीन वेळा वापरून दर वेळी पूर्ण निथळू दिला, तर तो सव्वाशेव्या भागावर येतो. खर्च तेवढाच, फरक जवळजवळ दहापट.

नोझल सोडवताना ट्रिगर ओढून धरावा, म्हणजे सुई मागे राहते आणि तिच्या बैठकीला ओरखडा पडत नाही. एअर कॅपची छिद्रे मऊ ब्रशने किंवा लाकडी काडीने साफ करावीत. तार घातल्यास छिद्राचा आकार बिघडतो आणि फवारा चंद्रकोरीसारखा वाकडा पडतो. फवारा वाकडा पडत असेल, तर कॅप अर्धा फेरा फिरवून पुन्हा फवारून पाहावे. वाकडेपणाची दिशा उलटली तर दोष कॅपमध्ये आहे, आणि तशीच राहिली तर नोझलमध्ये. जोडणी करताना सुईला आणि ट्रिगरच्या खिळीला सिलिकॉनविरहित वंगण लावावे, कारण सिलिकॉनचा अंशही पुढच्या रंगावर खड्डे पाडतो.

एअरलेस पंपात, म्हणजे हवेशिवाय केवळ दाबाने रंग फवारणाऱ्या पंपात, दाब २०० बारपर्यंत किंवा त्याहूनही अधिक असतो. म्हणून टिप (गनचे फवारा सोडणारे टोक) काढण्यापूर्वी पंप बंद करून, दाब सोडण्याची झडप उघडून, गन अर्थिंग केलेल्या धातूच्या बादलीला टेकवून ट्रिगर दाबावा. फवारा त्वचेत शिरला, तर जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि कोणता रंग होता ते तिथे सांगावे. ॲल्युमिनियमचे भाग असलेल्या पंपात मिथिलीन क्लोराइडसारखी क्लोरीनयुक्त द्रावणे मुळीच वापरू नयेत. दाबाखाली त्यांच्या अभिक्रियेने स्फोट होऊ शकतो.

पाण्यावर आधारित रंगाचा पंप पाण्याने धुऊन तसाच ठेवल्यास आतून गंजतो, म्हणून शेवटी त्यात मिनरल टर्पेंटाइन फिरवून ठेवावे.

वापरलेला थिनर झाकणबंद डब्यात स्थिर ठेवल्यास गाळ तळाशी बसतो. वरचा निवळ पुढच्या वेळी पहिल्या धुण्यासाठी चालतो. गाळ मात्र गटारात न ओतता घातक कचरा म्हणून सोपवावा.