खेळाडूंचा निषेध आणि तरुणांचे मतदान (नाशिक)

खेळाडूने स्वतःचे नाव आणि कारकीर्द पणाला लावून अन्यायाविरुद्ध जाहीर भूमिका घेणे, याला खेळाडूंचा निषेध म्हणतात. मतदानाशी त्याचे नाते जवळचे आहे. निषेधाने प्रश्न चव्हाट्यावर येतो, पण त्यावर निर्णय घेणारी माणसे बहुतेक वेळा मतानेच निवडली जातात. खेळणाऱ्या तरुणांनी या दोन्ही गोष्टी स्वतःच्या मानाव्यात, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे.

नाशिकमध्ये तालीम आणि सार्वजनिक जीवन पूर्वीपासून एकमेकांत गुंतलेले आहेत. चैत्रातल्या कामदा एकादशीला निघणाऱ्या रथयात्रेत रामरथ ओढण्याचा मान रास्ते आखाडा तालीम संघाकडे, तर गरुडरथाचा अहिल्याराम व्यायामशाळेकडे असतो. याच रथावरून १९३० मध्ये मोठा संघर्ष झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्चला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला होता आणि दादासाहेब गायकवाड त्याचे नाशिकमधील आधारस्तंभ होते. ९ एप्रिलच्या रथयात्रेसाठी तडजोड ठरली, की स्पृश्य आणि अस्पृश्य अशा दोन्ही बाजूंच्या बलदंड तरुणांनी मिळून रथ ओढायचा. प्रत्यक्षात सत्याग्रहींचे हात दोराला लागण्याआधीच रथ पळवून नेण्यात आला आणि दगडफेक झाली. त्या दिवशी वाद रथाचा दोर कोणी धरायचा याचाच होता. कमावलेल्या शरीराचा नागरी प्रश्नांशी संबंध काय, असे विचारणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा.

क्रिकेटमध्ये त्याआधीच, १९२० साली, तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील पळवणकर बंधूंपैकी विठ्ठल आणि शिवराम यांनी जातीमुळे डावलले जात असल्याच्या भावनेतून, त्या काळच्या धर्मवार संघांच्या स्पर्धेतील हिंदू संघातून माघार घेतली होती. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल त्याच संघाचे कर्णधार झाले.

अलीकडचे सर्वांत ठळक उदाहरण कुस्तीचे आहे. विनेश फोगाट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया १८ जानेवारी २०२३ रोजी दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरून बसले. भारतीय कुस्ती महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर त्यांनी लैंगिक छळाचे आरोप केले होते. २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले आणि दोन दिवसांनी पदके गंगेत सोडायला ते हरिद्वारला गेले. त्याच वर्षी २१ डिसेंबरला महासंघाची निवडणूक झाली, तेव्हा ब्रिजभूषण यांचे निकटवर्तीय संजय सिंह ४० विरुद्ध ७ मतांनी अध्यक्ष झाले आणि साक्षीने निवृत्ती जाहीर केली. देशभरच्या आखाड्यांत घाम गाळणाऱ्या मल्लांचा कारभार अवघ्या ४७ मतांवर ठरला! ही मते राज्य संघटनांच्या प्रतिनिधींची होती. आंदोलनाला बसलेल्या मल्लांना तिथे मतच नव्हते. विनेशने पुढच्या वर्षी रेल्वेची नोकरी सोडली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये हरियाणातील जुलाना मतदारसंघातून ती आमदार झाली. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महासंघांच्या कार्यकारिणीत खेळाडूंसाठी जागा राखल्या. ती दुरुस्ती फार उशिरा झाली.

निषेध केला म्हणजे मतदानाचे कर्तव्य पार पडले असे होत नाही. अमेरिकी फुटबॉलपटू कॉलिन केपरनिकने २०१६ मध्ये कृष्णवर्णीयांवरील पोलिसी अत्याचारांविरुद्ध राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला, पण त्याच वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत मत दिले नाही. त्याची भूमिका धैर्याची होती, तरी त्याच्यावर झालेली टीकाही अवाजवी नव्हती. २०२० मध्ये तिथल्या बास्केटबॉलपटूंनी याच प्रश्नावर सामन्यांवर बहिष्कार टाकला आणि मग क्रीडागृहांमध्ये मतदान केंद्रे उघडायला संघमालकांना राजी केले. हे पाऊल अधिक परिपक्व म्हणावे लागेल.

नाशिकच्या तरुण खेळाडूचा पहिला संबंध येतो तो महापालिकेशी. जॉगिंग ट्रॅक, मैदानावरचे दिवे, सावरकर जलतरण तलाव हे सगळे तिच्याच अखत्यारीतले विषय आहेत. महापालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली आणि मार्च २०२२ मध्ये मुदत संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. २०१७ नंतर अठरा वर्षे पूर्ण केलेल्या मुलामुलींनी मे २०२४ मध्ये खासदार आणि नोव्हेंबरमध्ये आमदार निवडला, पण आपल्या प्रभागाचा नगरसेवक निवडण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे ताटकळावे लागले. त्या काळात मैदानाची तक्रार घेऊन जायचे तरी कोणाकडे?

ग्रामीण भागात ही दरी आणखी रुंद दिसते. हरसूलजवळच्या सावरपाड्याची धावपटू कविता राऊत हिने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षीच्या आशियाई स्पर्धेत रौप्य पदक मिळवले. राज्य शासनाच्या नोकरीत आपल्याला डावलले गेल्याची तक्रार तिने २०२४ मध्ये जाहीरपणे मांडली. तिच्यासारखी ओळख नसलेल्या आश्रमशाळेतल्या धावपटूंना दाद मागण्यासाठी मताखेरीज फारसे काही हाती नसते, म्हणून त्यांची नोंदणी अधिक महत्त्वाची ठरते.

मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणणारी ६१ वी घटनादुरुस्ती मार्च १९८९ मध्ये अमलात आली. आता नावनोंदणीसाठी वर्षात चार अर्हता तारखा, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झाली का हे पाहण्याच्या तारखा, असतात : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा वर्षे पूर्ण झाली की नमुना ६, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज, आगाऊ भरता येतो. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला घरच्या किंवा वसतिगृहाच्या, कोणत्याही एका पत्त्यावर नाव नोंदवता येते. सराव शिबिरासाठी परगावी असलेल्या खेळाडूची मात्र अडचण होते, कारण खेळाडू म्हणून टपाली मतदानाची वेगळी सोय नाही. सैन्यदलातील खेळाडू सेवा मतदार या नात्याने टपालाने मत देऊ शकतो. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा ऑलिंपिक नौकानयनपटू दत्तू भोकनळ सैन्यातूनच या खेळात आला. सैनिकाला सेवाशर्तींमुळे जाहीर आंदोलन करता येत नाही, पण मताचा हक्क त्याच्याकडेही कायम राहतो.