चित्राविना तसबीर : तुर्की ‘हिल्ये’ची पार्श्वभूमी

इस्तंबूलच्या जुन्या घरांत आणि मशिदींत भिंतीवर एक चौकट हमखास दिसते. मधोमध मोठं वर्तुळ, त्याला कवेत घेणारी सोनेरी चंद्रकोर, चार कोपऱ्यांत चार लहान वर्तुळं. लांबून तसबीर वाटते. जवळ गेलं की कळतं, चित्र कुठेच नाही, आहे तो नुसता मजकूर : मुहंमद पैगंबर दिसायला कसे होते, वागायला कसे होते, त्याचं अरबीतलं वर्णन. तुर्कीत याला ‘हिल्ये’ म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ अलंकार, किंवा रूपलक्षण.

चौकट तीनशे वर्षांची असली तरी मजकूर त्याहून फार जुना. पैगंबरांचे जावई अली यांच्या नावे चालत आलेलं हे वर्णन हदीसकार, म्हणजे पैगंबरांच्या आठवणी-वचनांचे संग्राहक, तिर्मिझी (मृत्यू इ.स. ८९२) यांनी नोंदवून ठेवलं. पैगंबर फार उंच नव्हते, बुटकेही नव्हते. केस कुरळे नव्हते, अगदी सरळही नव्हते. चेहऱ्याला किंचित गोलाई, डोळे काळेभोर, पापण्या लांब. उतारावरून उतरावं तसं चालत, आणि वळायचं तर सगळं अंग वळवून. अवचित समोर येणारा दबकून जाई, सहवासात आलेल्याला माया लागे. निम्मं वर्णन ‘हेही नव्हे, तेही नव्हे’ या चालीवर जातं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चेहरा उभा राहू लागतो, पण पुरता उभा राहत नाही.

‘इस्लामला चित्र वर्ज्य, म्हणून अक्षरं आली’ असं एका दमात सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. ऑटोमन सुलतान तिसऱ्या मुरादने पैगंबरांचं सचित्र चरित्र करवून घेतलं, ते १५९४-९५ मध्ये पुरं झालं. त्यात शेकडो चित्रं आहेत, फक्त पैगंबरांच्या चेहऱ्यावर पडदा. त्यानंतर चार-पाच वर्षांतच हाकानी मेहमेद बेने हे रूपवर्णन तुर्की पद्यात विस्ताराने रचलं, आणि ते लोकांच्या तोंडी बसलं. ज्या घरात हिल्ये असेल तिथे संकट येत नाही, अशी श्रद्धाही रुजली. लोक तो मजकूर कागदावर लिहून, घडी घालून छातीशी खिशात बाळगत.

खिशातला हा कागद भिंतीवर नेण्याचं श्रेय सुलेखनकार हाफिझ उस्मान (१६४२-१६९८) यांना दिलं जातं. कुराण मुखोद्गत, म्हणून हाफिझ. सुलतान दुसरा मुस्तफा त्यांचा शिष्य. गुरू लिहायला बसले की तो स्वतः दौत धरून उभा राहत असे म्हणतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी जी मांडणी पक्की केली, ती आजही फारशी बदललेली नाही. वर बिस्मिल्ला, ते ‘शीर्षस्थान’. मधलं वर्तुळ म्हणजे ‘पोट’. मुख्य वर्णन इथे. कोपऱ्यांत अबू बक्र, उमर, उस्मान, अली या चार खलिफांची नावं. त्याखाली ठसठशीत अक्षरांत बहुधा कुराणातली ओळ : ‘आम्ही तुला सर्व जगांसाठी कृपा म्हणूनच पाठवलं.’ मग उरलेलं वर्णन, तो ‘घागरा’. त्याच्या दोन बाजूंच्या नक्षीच्या पट्ट्या म्हणजे ‘काखा’. माणसाचं चित्र नाही, पण कागदाच्या भागांना नावं मात्र अंगाची आणि वस्त्राची. मला या साऱ्या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत बोलकी वाटते.

सामान साधं, कष्ट अमाप. बोरू तिरका छाटायचा. अक्षराचं माप त्याच्याच टोकाने उमटणाऱ्या ठिपक्यांत मोजायचं. शाई दिव्याच्या काजळीची, डिंकात घोटलेली. सुलेमानिये मशिदीत तेलाच्या दिव्यांची काजळी एका खोलीत साठेल अशी हवेची वाट सिनान या वास्तुकाराने ठेवली होती, असं सांगतात. कागदावर अंड्याचा पांढरा बलक आणि तुरटीचा लेप देऊन तो गुळगुळीत घोटायचा. शाई आत मुरत नाही, त्यामुळे चुकलेलं अक्षर ओल्या बोटाने पुसता येतं.

एकोणिसाव्या शतकात अक्षरं प्रचंड झाली. अशी अक्षरं आधी कागदावर आखून, त्यांच्या कडा सुईने टोचून, वर पूड आपटून फलकावर उतरवत आणि मग सोन्याने भरत. इस्तंबूलच्या हाजिया सोफियात, तेव्हाच्या मशिदीत, १८४७-४९ च्या दुरुस्तीवेळी लागलेले आठ गोल फलक मुस्तफा इज्जत एफेंदींच्या हातचे. प्रत्येकाचा व्यास सुमारे साडेसात मीटर. वास्तूचं संग्रहालय झालं तेव्हा ते उतरवले, पण दारातून बाहेर निघेनात. १९४९ मध्ये पुन्हा जागच्या जागी टांगले.

१९२८ मध्ये तुर्कस्तानने रोमन लिपी घेतली आणि सुलेखनकारांचं पोटापाण्याचं साधनच गेलं. हामिद आयताच (१८९१-१९८२) यांच्यासारख्यांनी छपाईच्या कामावर दिवस काढले आणि येणाऱ्याला शिकवत राहिले. २०२१ मध्ये युनेस्कोने ही कला वारसायादीत घेतली. कित्ता अजून तसाच गिरवला जातो. शिष्य अनेकदा सनदेसाठी हिल्येच लिहितो आणि गुरू त्याच कागदाच्या तळाशी आपल्या अक्षरात परवानगी लिहून देतो. तोवर शिष्याला आपल्या लिखाणाखाली ‘केतेबेहु’, म्हणजे ‘हे याने लिहिलं’, असं लिहून सही करायचा हक्क नसतो.