आर्क्टिक जलसफरीतील वन्यजीव निरीक्षण

उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या समुद्रात छोट्या जहाजावर मुक्काम करून तिथले प्राणी-पक्षी पाहण्याची रीत. पुणेकरांना त्यातल्या त्यात सोपा पडतो तो नॉर्वेचा स्वालबार द्वीपसमूह. त्याला स्वतंत्र व्हिसा लागत नाही, पण तो शेंगेन क्षेत्राबाहेर (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर) आहे. जाता-येता दोन्ही वेळा नॉर्वेत उतरावे लागत असल्याने दोन प्रवेशांचा शेंगेन व्हिसा घ्यावा. एकाच प्रवेशाचा असेल तर परतीची वाट अडते.

ध्रुवीय अस्वल शोधताना पांढरा रंग शोधू नये. बर्फापुढे ते सायीसारखे पिवळसर दिसते. क्षितिजापासून जहाजाकडे आडवे पट्टे पाडत सावकाश नजर फिरवावी आणि संशयास्पद ठिपक्यावर मिनिटभर थांबावे, कारण मळक्या बर्फाची ढेकळेही तशीच दिसतात. हलते ते अस्वल. भिगवणला पक्षी पाहायला नेतो ती ८×४२ (आठपट मोठे दाखवणारी) दुर्बीण इथेही उत्तम. १०×४२ मध्ये जहाजाची थरथर जास्त जाणवते. कोपरे छातीशी टेकवावीत, कठड्यावर नव्हे. इंजिनाचा कंप तिथूनच दुर्बिणीत येतो. स्वालबारचे मुख्य गाव लाँगयिअरब्येन, तिथे साधारण २० एप्रिल ते २३ ऑगस्ट सूर्य मावळत नाही, त्यामुळे प्राणी दिसल्याची हाक रात्री दोनलाही येते. कपडे उशाशी ठेवून झोपलेले बरे.

२०२५पासून अस्वलापासून ३०० मीटर, तर १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर राखणे सक्तीचे आहे. फोटो लहान येतो, पण पिलांसह असलेली मादी बिथरत नाही. हा नियम योग्यच आहे.

स्वालबारमधल्या आल्केफ्येलेटच्या कड्यांवर हजारो गिलेमॉट (समुद्रपक्षी) घरट्याविना उघड्या कपारीत अंडी घालतात. उडता येण्याआधीच पिले समुद्रात झेप घेतात. खाली कोल्हे आणि कुरव टपलेले असतात. हे दृश्य रबरी होडीतून पाहावे. किनाऱ्यावर आर्क्टिक सुरय पक्षी डोक्यावर झडप घालतो, म्हणजे घरटे जवळ आहे. हात उंच धरून आल्या वाटेने मागे फिरावे.

सिंहगडावर वापरलेले बूट-मोजे तसेच नेऊ नयेत. वेल्क्रोत आणि लेसच्या गाठींत कुसळे अडकलेली असतात; परके बी तिथल्या जमिनीवर पडता कामा नये. पुण्यातच चिमट्याने एकेक उपटावे, तळवे ब्रशने घासावेत. जहाजावर पुन्हा तपासणी होते.

केबिनच्या उबेत गार कॅमेरा उघडला की काचेवर दव धरते. तो बाहेरच पिशवीत घट्ट बंद करून आत आणावा आणि तासाभराने काढावा. मेमरी कार्ड मात्र आधीच काढून घ्यावे.