टीएलएस आवृत्तीची निवड

टीएलएस आवृत्तीची निवड : इंटरनेटवरून जाणारी माहिती एन्क्रिप्ट करण्याचे, म्हणजे तिऱ्हाइताला वाचता येऊ नये अशा सांकेतिक रूपात बदलण्याचे, नियम टीएलएस (ट्रान्सपोर्ट लेयर सिक्युरिटी) या प्रोटोकॉलमध्ये ठरलेले असतात. त्याची कोणती आवृत्ती वापरायची हे वापरकर्त्याला ठरवू देणारी, सॉफ्टवेअरमधील सोय. ब्राउझर, ई-मेलची सॉफ्टवेअर, हिशेबाची पॅकेजेस, डेटाबेसची साधने, इतकेच काय स्कॅन केलेला कागद थेट मेल करणारी झेरॉक्स मशिनही, अशा नाना ठिकाणी ती असते. बहुतेकांना ती सापडते ती काहीतरी अडल्यावरच.

एरवी ही निवड माणसाला करावी लागत नाही. जोडणी सुरू होताना आपल्या संगणकावरचे सॉफ्टवेअर आपल्याला कोणत्या आवृत्त्या येतात ते सर्व्हरला कळवते. दोघांनाही येणारी सर्वांत नवी आवृत्ती सर्व्हर निवडतो आणि पुढचा व्यवहार तिच्यात होतो. मेळ बसलाच नाही, तर ७० क्रमांकाचा 'प्रोटोकॉल व्हर्जन' हा इशारा देऊन जोडणी तोडायची, असा नियम आहे. पडद्यावर मात्र बहुधा 'सर्व्हरशी संपर्क होत नाही' एवढेच उमटते, आणि मग राउटर बंद-चालू करण्यात नि नेटवाल्याला फोन लावण्यात सकाळ जाते.

टीएलएसच्या आधी याच कामासाठी एसएसएल हा प्रोटोकॉल होता. नेटस्केप कंपनीने १९९५ मध्ये एसएसएल २.० आणि १९९६ मध्ये एसएसएल ३.० आणली. तिच्याच पायावर १९९९ मध्ये टीएलएस १.० हे इंटरनेटचे मानक झाले. पुढे १.१ (२००६), १.२ (२००८) आणि १.३ (२०१८) या आवृत्त्या आल्या. एसएसएल ३.० चा वापर २०१५ मध्ये, तर टीएलएस १.० आणि १.१ चा मार्च २०२१ मध्ये मानकानुसार बाद ठरला. म्हणजे आज निवड खरी दोनच आवृत्त्यांत आहे. बाकीच्या यादीत दिसल्या तरी त्या जुन्या यंत्रांच्या सोयीसाठी.

जुनी आवृत्ती नुसती चालू ठेवण्यातही धोका असतो, हे ऑक्टोबर २०१४ मध्ये गूगलच्या संशोधकांनी उघड केलेल्या 'पूडल' हल्ल्याने दाखवून दिले. जोडणी फसली की एक पायरी खाली उतरून पुन्हा प्रयत्न करायचा, अशी तेव्हाच्या ब्राउझरची रीत होती. मधे बसलेला हल्लेखोर मुद्दाम जोडण्या फसवत दोन्ही बाजूंना एसएसएल ३.० पर्यंत खाली आणी, आणि तिथल्या दोषाचा फायदा घेऊन लॉगिनची कुकी (साइटला वापरकर्त्याची ओळख पटवणारी खूण) एकेक बाइट करून उलगडी. एका बाइटला सरासरी २५६ विनंत्या पुरत. दोन्हीकडे टीएलएस १.२ असूनही हे घडू शके. अशी घसरण ओळखता यावी म्हणून १.३ मध्ये खास तजवीज केली गेली : १.३ येत असलेल्या सर्व्हरला खालची आवृत्ती स्वीकारावी लागली, तर तो जोडणीच्या सुरुवातीला पाठवायच्या आपल्या यादृच्छिक आकड्याच्या शेवटच्या आठ बाइटांत ठरलेली खूण ठेवतो. १.३ जाणणाऱ्या क्लायंटने, म्हणजे आपल्याकडच्या सॉफ्टवेअरने, ती पाहिली की जोडणी तोडायची.

सांगलीसारख्या व्यापारी शहरात हा विषय थेट धंद्याशी येऊन भिडतो. मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानात सौदे झाले की शेतकऱ्याची पट्टी, खरेदीदाराचे बिल आणि परराज्यात ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा माल जायचा असेल तर ई-वे बिल, अशी कामे ओळीने लागतात. दुकानातला संगणक विंडोज ७ चा असेल, तर दिवाणजींना कोडे पडते : ब्राउझरमध्ये ई-वे बिलाचे पोर्टल नीट उघडते, पण हिशेबाच्या पॅकेजमधून तेच बिल जात नाही. कारण साधे आहे. क्रोम आणि फायरफॉक्स एन्क्रिप्शनची स्वतःची यंत्रणा बरोबर घेऊन येतात. हिशेबाचे पॅकेज बहुधा विंडोजच्या यंत्रणेवर चालते. विंडोज ७ ला १.२ येत होती, पण अनेक प्रोग्रॅमसाठी ती मुळात बंद ठेवलेली होती. सर्व्हरने १.० आणि १.१ बंद केल्या की ब्राउझर चालतो आणि पॅकेज थांबते. गाडी भरून उभी असते.

अशा वेळी हार्डवेअरवाला पोरगा विंडोजच्या 'इंटरनेट ऑप्शन्स'मधला 'ॲडव्हान्स्ड' टॅब उघडतो. खाली सरकत गेले की 'यूज टीएलएस १.०', '१.१', '१.२' अशा चौकटी दिसतात. घाईत सगळ्याच चौकटींवर खूण केली जाते. काम होते, पण नको असलेली दारेही उघडी राहतात. १.२ वर खूण आणि एसएसएल, १.० व १.१ वरची खूण काढलेली, एवढेच खरे तर पुरते. पुष्कळदा यानेही भागत नाही, कारण पॅकेज लिहिणाऱ्याने आवृत्ती कोडमध्येच बांधून टाकलेली असते. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रोग्रॅम बनवण्याच्या चौकटीच्या ४.५ आवृत्तीवर बांधलेले प्रोग्रॅम सांगितल्याशिवाय १.० च्या वर जात नसत, ४.६ पासून १.२ आपोआप मिळू लागली.

आवृत्ती अशी बांधून टाकणे ही या सोयीची सर्वांत वाईट तऱ्हा आहे. 'फक्त १.०' लिहिणाऱ्याला त्या दिवशी तेच सुरक्षित वाटले असेल, पण तो प्रोग्रॅम पुढे १.२ आली तरी तिथेच अडकला. 'फक्त १.२' लिहिणारा आज तेच करतो आहे. ओपनएसएसएल या टीएलएससाठीच्या तयार कोडसंग्रहाने २०१६ च्या १.१.० या आवृत्तीत किमान आणि कमाल मर्यादा वेगवेगळ्या ठरवणारी फंक्शन दिली, ती यासाठीच. कमांड देऊन वेबवरून माहिती मागवण्याच्या कर्ल या साधनातही १.२ चा पर्याय दिला की त्याचा अर्थ '१.२ किंवा त्यापुढची' असा होतो. कमाल मर्यादेसाठी तिथे निराळा पर्याय आहे. वापरकर्त्याच्या हाती द्यायचे तर किमान मर्यादाच द्यावी. वरचे टोक मोकळे सोडावे.

पण निवड काढूनच टाकावी, हे म्हणणेही टिकत नाही. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात एखादे तपासणी यंत्र चांगले चालत असते, त्याचे सॉफ्टवेअर मात्र १.० वरच थांबलेले असते आणि उत्पादक ते बदलून देत नाही. लाखोंचे यंत्र त्यापायी कोणी मोडीत काढत नाही, आणि रुग्णाचा अहवाल तर डॉक्टरांपर्यंत पोचायलाच हवा. इथे सवलत त्या एका पत्त्यापुरती देता आली पाहिजे. साऱ्या सॉफ्टवेअरची मर्यादा खाली आणणारे बटण इथे कामाचे नाही. त्याहून बरा मार्ग म्हणजे यंत्रापुढे एक प्रॉक्सी, म्हणजे मधला दुवा म्हणून काम करणारा सर्व्हर, बसवणे. यंत्र प्रॉक्सीशी दवाखान्याच्या आतल्या नेटवर्कवर १.० मध्ये बोलते आणि प्रॉक्सी बाहेरच्या जगाशी १.२ किंवा १.३ मध्ये. यंत्राला थेट इंटरनेटवर जाण्याची वाट फायरवॉलमध्ये (नेटवर्कची ये-जा अडवणाऱ्या यंत्रणेत) बंद ठेवावी लागते.