आई-बाबांचं ग्रीन कार्ड आणि मेडिकेअर : पाच वर्षांचा हिशोब, कागद आणि अर्ज

आई-बाबांना ग्रीन कार्डवर इकडे अमेरिकेत आणलंय किंवा आणायचं चाललंय अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. सासू-सासऱ्यांच्या मेडिकेअरचं सगळं काम मी स्वतः केलं आणि तेव्हापासून आमच्या न्यू जर्सीच्या मराठी ग्रुपमध्ये दर महिन्याला कुणीतरी विचारतंच, "अगं आईला ६५ पूर्ण झाली, आता मेडिकेअर सुरू होईल ना?" नुसती ६५ होऊन होत नाही, आणि हे उशिरा कळलं तर पैशाचं नुकसान आयुष्यभर चालू राहतं, म्हणून सविस्तर सांगते.

आधी मेडिकेअर आणि मेडिकेड यातला गोंधळ काढूया. दोन्ही १९६५ च्या एकाच कायद्यातून आले पण मेडिकेअर हा ६५ च्या वरच्यांसाठी केंद्र सरकारचा विमा, आणि मेडिकेड कमी उत्पन्नवाल्यांसाठी, जो प्रत्येक राज्य आपापल्या नियमांनी चालवतं. मेडिकेअरचे भाग आहेत. पार्ट ए म्हणजे हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झालात तर, पार्ट बी म्हणजे डॉक्टरची फी, टेस्ट, ओपीडी, आणि पार्ट डी म्हणजे औषधं. पार्ट सी म्हणजे प्रायव्हेट कंपनीमार्फत हेच सगळं एकत्र, त्याला मेडिकेअर ॲडव्हान्टेज म्हणतात.

आता पात्रता. ज्याने किंवा ज्याच्या नवरा-बायकोने इथे साधारण १० वर्षं काम करून टॅक्स भरलाय, म्हणजे ४० क्रेडिट जमवलेत, त्याला पार्ट ए फुकट मिळतो. वर्षाला जास्तीत जास्त ४ क्रेडिट मिळतात आणि २०२६ मध्ये एका क्रेडिटला १,८९० डॉलरची कमाई लागते. बाबांनी तिकडे एसटीत, बँकेत, झेडपीत ३५ वर्षं नोकरी केली, पीएफ कापला गेला, ते इथे काहीही धरत नाहीत कारण भारत आणि अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे इथल्या सरकारी पेन्शन योजनेचा, एकमेकांकडची नोकरी धरायचा करारच झालेला नाही. आणि मुलाने इथे २० वर्षं टॅक्स भरला म्हणून आई-बाबांना फुकट मिळेल असंही नाही, मुलाचे क्रेडिट आई-वडिलांना लागत नाहीत. हा गैरसमज मी सगळ्यात जास्त ऐकते.

मग ज्यांनी इथे काम केलेलं नाही त्यांचं काय, तर त्यांना पार्ट ए विकत घेता येतो. अटी तीन. वय ६५ पूर्ण, ग्रीन कार्ड (किंवा नागरिकत्व), आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी अर्जाच्या आधी सलग ५ वर्षं अमेरिकेत वास्तव्य. जुलै २०२५ मध्ये नवा कायदा आला तेव्हा ग्रुपवर खूप घबराट झाली होती की आता परदेशी लोकांचं मेडिकेअर बंद, पण त्या कायद्याने दुसऱ्या काही इमिग्रेशन स्टेटसवाल्यांची पात्रता काढली, ग्रीन कार्डवाल्यांची ठेवली आहे, तेव्हा घाबरू नका.

खरी मेख आहे "सलग" या शब्दात. आपले आई-बाबा सहा महिने इथे, सहा महिने गावी असं करतात, दिवाळी तिकडे, उन्हाळा इकडे. लहान फेऱ्यांनी सहसा बिघडत नाही, पण सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की प्रश्न विचारतात, आणि वर्षाच्या वर राहायचं तर निघण्याआधी री-एंट्री परमिटचा, म्हणजे परत यायच्या परवान्याचा, अर्ज करावाच लागतो नाहीतर ग्रीन कार्डच धोक्यात येतं. माझ्या सासूबाई फेब्रुवारी २०२० मध्ये कोल्हापूरला गेल्या होत्या, दोन महिन्यांनी परतायचं होतं, २३ मार्चपासून इंटरनॅशनल विमानं बंद झाली आणि त्या नोव्हेंबरमध्ये परत आल्या. नऊ महिने. २०२२ मध्ये अर्जाच्या वेळी याच नऊ महिन्यांवर गाडी अडली. माझ्याकडे एप्रिलच्या रिटर्न तिकिटाचा ईमेल होता, फ्लाइट कॅन्सल झाल्याचा मेसेज होता, शिवाय त्या काळातही इथल्या बँक खात्याची स्टेटमेंट या घरच्या पत्त्यावर येत होती, हे सगळं दाखवल्यावर ऐकलं त्यांनी. तो ईमेल मी डिलीट केला असता तर काय झालं असतं याचा विचार करून आजही पोटात गोळा येतो.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं, आई-बाबा ग्रीन कार्डवर उतरले त्या दिवसापासून एक फाइल करा. साधी प्लास्टिकची फाइल चालेल. ग्रीन कार्डवर "रेसिडेंट सिन्स" म्हणून तारीख छापलेली असते, ती पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, त्याखाली प्रत्येक भारतवारीची जाण्याची-येण्याची तारीख. इकडच्या एअरपोर्टवर ग्रीन कार्डवाल्यांच्या पासपोर्टवर बऱ्याचदा शिक्का मारत नाहीत, पण भारतातल्या इमिग्रेशनचे आगमन-निर्गमनाचे शिक्के असतात, त्यावरून तारखा काढता येतात. जुना पासपोर्ट रिन्यू झाला तरी फेकू नका.

अर्ज कधी करायचा हे नीट वाचा. ज्यांची ५ वर्षं आधीच झालीत आणि आता ६५ होतायत त्यांच्यासाठी ७ महिन्यांची खिडकी, म्हणजे अर्जाची मुदत असते, वाढदिवसाच्या महिन्याआधीचे तीन, तो महिना, नंतरचे तीन. ज्यांची ६५ आधीच होऊन गेलीत आणि ५ वर्षं नंतर भरतायत, आणि आपल्याकडे बहुतेक घरी हीच केस असते, त्यांची खिडकी ती ५ वर्षं ज्या महिन्यात भरतात त्या महिन्याच्या हिशोबाने मोजतात. तेव्हा ५ वर्षं भरायच्या तीन-चार महिने आधीच सोशल सिक्युरिटी ऑफिसला, कारण मेडिकेअरचे अर्ज तेच घेतात, फोन करून अपॉइंटमेंट मागा आणि तुमच्या केसमध्ये अर्ज नक्की कोणत्या महिन्यात घेतील ते विचारून ठेवा. खिडकी हुकली तर पुढची संधी दरवर्षी १ जानेवारी ते ३१ मार्च, आणि अर्ज केल्यानंतरच्या महिन्यापासून कव्हर सुरू होतं.

हुकली तर दंडही आहे. पार्ट बी ला जितकी पूर्ण १२ महिन्यांची वर्षं उशीर, तितके १० टक्के प्रीमियम जास्त, आणि तो पार्ट बी असेपर्यंत, म्हणजे आयुष्यभर. तीन वर्षं उशीर म्हणजे ३० टक्के. पार्ट ए विकत घेणाऱ्यांना १० टक्के, पण तो उशिराच्या दुप्पट वर्षंच भरायचा. स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या चालू नोकरीतून ग्रुप इन्शुरन्स असेल तर दंड लागत नाही, नोकरी किंवा तो विमा संपल्यापासून ८ महिने मिळतात. मुलाच्या नोकरीचा विमा यात धरत नाहीत.

आता कागद. सोशल सिक्युरिटी ऑफिसला मूळ कागद किंवा ज्या ऑफिसने दिला त्याच ऑफिसची प्रमाणित प्रत लागते, झेरॉक्सवर नोटरीचा शिक्का मारून चालत नाही. ग्रीन कार्ड आणि भारतातला जन्मदाखला पोस्टाने पाठवू नका, हातात घेऊन जा, बघून परत देतात. ग्रीन कार्ड, पासपोर्ट नवे-जुने सगळे, सोशल सिक्युरिटी कार्ड, जन्माचा पुरावा, जोडीदाराच्या क्रेडिटवर अर्ज असेल तर लग्नाचा दाखला, आणि पाच वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे.

जन्माच्या पुराव्यावर जरा थांबते कारण इथेच आपली माणसं अडकतात. १९५० च्या आसपास गावात जन्मलेल्यांची जन्मनोंद बऱ्याचदा सापडत नाही. शाळा सोडल्याचा दाखला असतो, पण त्या काळी शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून टाकलेला असायचा. माझ्या सासऱ्यांचंही तेच. दाखल्यावर १ जून, आणि घरी वाढदिवस श्रावणात करायचे. त्यांच्या पासपोर्टवर १ जून होती, ग्रीन कार्डवर १ जून होती, म्हणून काही अडलं नाही. कागदोपत्री सगळीकडे एकच तारीख हवी, घरी कुठली मानता याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, पण अर्जात मात्र एक आणि पासपोर्टवर दुसरी असं होऊ देऊ नका. ग्रीन कार्डच्या वेळी ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून "जन्मनोंद उपलब्ध नाही" असा दाखला आणि नातेवाइकांची ॲफिडेव्हिट काढली असतील तर तीच फाइल इथे घेऊन जा. कागद मराठीत असेल तरी स्वीकारतात, भाषांतराची सोय त्यांची असते, पण आपण एक भाषांतर जोडलं की काम सोपं होतं.

दुसरी अडचण नावाची. सासूबाईंच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर सगळंच बदललेलं, अगदी पहिलं नावसुद्धा, कारण लग्नात तांदळात अंगठीने नवीन नाव लिहिलं होतं. सोशल सिक्युरिटी ऑफिसच्या काउंटरवरच्या बाईंना हे समजावताना मी ते ताम्हण, ते तांदूळ सगळं सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, लग्नाचा दाखला आणि राजपत्रातली नाव बदलाची नोंद आहे का. दोन्ही होतं. तुमच्याकडे राजपत्राची नोंद नसेल तर पुढच्या भारतवारीत ते काम आधी करून घ्या.

वास्तव्याच्या पुराव्यात मुलाच्या घरी राहणाऱ्या आई-बाबांच्या नावावर ना घरभाडं असतं ना लाइटबिल. म्हणून पहिल्याच महिन्यात त्यांच्या नावाने बँक खातं उघडा, राज्याचं ओळखपत्र काढा, लायब्ररीचं कार्ड काढा, डॉक्टरची बिलं जपा. मुलाने "आई-वडील या तारखेपासून माझ्याकडे राहतात" असं सही केलेलं पत्रही सोबत असावं.

अर्ज सोशल सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशनकडे असतो, मेडिकेअरकडे नाही, हे नवीन माणसाला पटकन कळत नाही. फक्त मेडिकेअरचा अर्ज ऑनलाइनही करता येतो पण ग्रीन कार्ड आणि पाच वर्षांच्या केसमध्ये मी तरी सांगेन की फोनवर अपॉइंटमेंट घेऊन समोर बसूनच करा. दुभाष्या मोफत मिळतो, अपॉइंटमेंट घेतानाच भाषा मराठी असं सांगा. अर्जाची फी नाही, त्यामुळे "आम्ही मेडिकेअर करून देतो" म्हणून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. प्रत्येक राज्यात मेडिकेअरबद्दल मोफत सल्ला देणारी सरकारी सेवाही असते, तिचं नाव राज्यागणिक वेगळं, पण तिथली माणसं काही विकत नाहीत म्हणून मला त्यांचा सल्ला एजंटपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

पैसे किती? २०२६ चे आकडे सांगते. एकही क्रेडिट नसेल तर पार्ट ए चे महिन्याला ५६५ डॉलर, ३० ते ३९ क्रेडिट असतील तर ३११. पार्ट बी चे २०२.९०. म्हणजे एका माणसाचे ७६७.९० आणि दोघांचे १,५३५.८० डॉलर महिन्याला, औषधांचा पार्ट डी वेगळा. नुसता पार्ट बी घेता येतो, पण विकतचा पार्ट ए घ्यायचा तर बी घ्यावाच लागतो. आणि नुसत्या बी वर मेडिकेअर ॲडव्हान्टेजही मिळत नाही, वरचा खर्च भरणारी मेडिगॅप पॉलिसीही मिळत नाही, आणि हॉस्पिटलात ॲडमिट व्हायची वेळ आली की तिथलं मुख्य बिल आपल्यावर. बी मध्येसुद्धा वर्षाचे पहिले २८३ डॉलर आपण भरायचे आणि त्यानंतर साधारण २० टक्के आपला वाटा, त्याला वरची मर्यादा नाही. आई-बाबांचं उत्पन्न फार कमी असेल तर पाच वर्षांनंतर राज्याचं मेडिकेड हे प्रीमियम भरू शकतं, त्याची चौकशी जरूर करा, फक्त त्यांच्या ग्रीन कार्डसाठी स्पॉन्सर म्हणून तुम्ही सही केलेली असते त्यामुळे काही ठिकाणी तुमचं उत्पन्नही मोजतात.

मग पहिली पाच वर्षं कशी काढायची, कारण मेडिकेडलाही बहुतेक राज्यांत ग्रीन कार्डनंतर पाच वर्षांची अट आहे, ती १९९६ च्या कायद्यापासून. तर मार्केटप्लेसचा प्लॅन, म्हणजे सरकारी वेबसाइटवरून घ्यायचा प्रायव्हेट कंपनीचा विमा. ग्रीन कार्डवर आल्यापासून ६० दिवसांत घ्या, नाहीतर पुढच्या ओपन एनरोलमेंटपर्यंत, म्हणजे दरवर्षीच्या नोंदणीच्या मुदतीपर्यंत, थांबावं लागतं. मार्केटप्लेसमध्ये आधीपासूनच्या बीपी-शुगरमुळे नाकारत नाहीत, पण व्हिजिटर इन्शुरन्समध्ये जुन्या आजारांना बहुतेक कव्हर नसतं, म्हणून स्वस्त दिसला तरी ग्रीन कार्डवाल्यांसाठी तो घेऊ नका. हप्त्यात सरकारी सबसिडी मिळेल का हे टॅक्स रिटर्नमध्ये एका कुटुंबात कोण-कोण दाखवलंय त्यावर ठरतं, आई-बाबांना तुम्ही डिपेंडंट, म्हणजे तुमच्यावर अवलंबून, दाखवलं तर तुमचा पगार त्यात मोजला जातो. २०२५ च्या अखेरीस वाढीव सबसिडी संपली, आणि २०२६ पासून पाच वर्षांच्या आतल्या, दारिद्र्यरेषेखालच्या उत्पन्नवाल्या ग्रीन कार्डधारकांची सबसिडीही गेली, त्यामुळे जुने आकडे धरून बजेट करू नका. पाच वर्षं झाल्यावर ए विकत घ्यावा लागणाऱ्यांना मार्केटप्लेसवरच राहायची मुभा आहे, पण तेवढ्या काळात मेडिकेअरच्या दंडाची वर्षं मोजली जात राहतात.

अजून एक, मेडिकेअर भारतात चालत नाही. गावी गेलात तर वेगळा विमा घ्या, आणि तिकडे असतानाही पार्ट बी चा हप्ता चालू ठेवा.

अर्ज मंजूर झाला की पोस्टाने लाल-पांढरं-निळं कागदी कार्ड येतं. त्यावर नाव, ११ अक्षर-अंकांचा नंबर आणि ए व बी सुरू होण्याच्या तारखा असतात. आधी नावाचं स्पेलिंग ग्रीन कार्डशी ताडून बघा, मग त्या तारखा कॅलेंडरवर टाका, कारण पार्ट बी सुरू झालेल्या तारखेपासून सहाच महिने मेडिगॅप कंपन्या तब्येतीचं कारण देऊन नाकारू शकत नाहीत, आणि पार्ट डी ही त्याच सुमारास घ्यायचा असतो, त्यालाही उशिराचा दंड महिन्याला १ टक्क्याने वाढत जातो.