अनामत रक्कम (घरभाड्याची) आणि घरमालकाचे दायित्व

घर भाड्याने देताना भाडेकरूकडून तारण म्हणून आगाऊ घेतली जाणारी आणि घराचा ताबा परत मिळताच, रास्त वजावट करून, परत करावयाची रक्कम म्हणजे अनामत रक्कम होय. बोलीभाषेत हिला ‘डिपॉझिट’ म्हणतात. ही रक्कम घरमालकाच्या खात्यात जमा होत असली तरी ती त्याचे उत्पन्न नसते. ती ज्याची त्याला परत करावयाची असते, आणि घरमालकाच्या सर्व जबाबदाऱ्या या एका गोष्टीतून निघतात. पूर्वापार मुंबईत चालत आलेली पागडी, म्हणजे घर भाड्याने मिळवण्यासाठी दिलेली मोठी एकरकमी रक्कम, ही यापेक्षा वेगळी बाब आहे, कारण पागडी घर सोडताना मालकाकडून जशीच्या तशी परत मिळत नाही.

मुंबई भाडे नियंत्रण कायदा, 1947 याने भाड्याव्यतिरिक्त अधिमूल्य (पागडीसारखी जादा रक्कम) किंवा अनामत घेण्यास मनाई केली होती. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मधील कलम 56 ने ती मनाई उठवली. मात्र अनामत किती घ्यावी यावर मर्यादा घातली नाही. त्यामुळे कोठे दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी, तर मुंबईत कित्येक लाखांची अनामत घेतली जाते. ‘हेवी डिपॉझिट’च्या व्यवहारात तर मासिक भाडे नाममात्र असते किंवा नसतेच, आणि भाडेकरूची आयुष्यभराची बचत मालकाच्या हाती असते. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या आणि बिगरनिवासी जागेसाठी सहा महिन्यांच्या भाड्याची कमाल मर्यादा सुचवली आहे. परंतु हा नमुना कायदा राज्याने आपल्या विधिमंडळात स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही.

घरमालकाचे पहिले कर्तव्य कागदाचे आहे. 1999 च्या अधिनियमातील कलम 55 नुसार भाडेकरार अथवा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार (भाडेपट्ट्याचा हक्क न देता ठरावीक काळ राहण्याची केवळ परवानगी देणारा करार) लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार अकरा महिन्यांचा आहे, म्हणून नोंदणी नको, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अनामतीचा आकडा, ती दिल्याची तारीख व पद्धत करारात नमूद असणे हे भाडेकरूचे खरे संरक्षण आहे.

व्याजाची स्थिती विलक्षण आहे. लिव्ह अँड लायसन्स करारावरील 0.25 टक्के मुद्रांक शुल्क काढताना शासन परतफेडीच्या अनामतीवर दरसाल 10 टक्के व्याज गृहीत धरते. म्हणजे एक लाखाच्या अनामतीवर वर्षाला 10,000 रुपये मोबदला म्हणून मोजले जातात. त्या पैशाचा लाभ मालकाला होतो, हे शासनाला मान्य आहे. तरीही करारात तसे ठरले नसेल तर भाडेकरूच्या हाती एक पैसाही व्याज पडत नाही. लहान अनामतीत हे चालून जाते, पण मोठ्या रकमेत हा अन्यायच होय.

वाद प्रामुख्याने वजावटीवरून होतात. थकलेले भाडे, न भरलेले वीजबिल किंवा पाइप गॅसचे बिल आणि भाडेकरूच्या हातून झालेली मोडतोड यांची वजावट योग्य आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 मधील कलम 108 भाडेपट्ट्याच्या बाबतीत वापराने होणारी स्वाभाविक झीज भाडेकरूच्या माथी मारत नाही. फुटलेले वॉशबेसिन ही मोडतोड आहे. पण तीन पावसाळ्यांत खिडकीखाली ओल येऊन पोपडे सुटलेली भिंत, उन्हाने फिकटलेला रंग किंवा सैल झालेली कडी ही झीज आहे. तरीही ‘रंगकामाचे’ म्हणून सरसकट एका महिन्याचे भाडे कापण्याचा प्रघात पडला आहे. करारात तशी अट नसेल तर त्याला आधार नाही. किल्ली देताना-घेताना दोघांनी मिळून प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढली आणि मीटरचे आकडे लिहून सह्या केल्या, तर बहुतेक तंटे उद्भवतच नाहीत. प्रत्येक वजावटीचा तपशील बिलासह देणे मालकाकडूनच अपेक्षित आहे.

मध्येच घर विकले गेल्यास गुंतागुंत वाढते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 मधील कलम 59 नुसार नवा मालक केवळ खरेदीमुळे जुन्या लायसन्सने बांधला जात नाही. म्हणून अनामत कोण परत करणार, हे विक्रीआधीच भाडेकरूला लेखी कळवणे मूळ मालकाचे काम आहे.

ताबा आणि परतफेड एकाच वेळी व्हावी, हा रास्त व्यवहार होय. म्हणूनच काही करारांत, मालकाने अनामत न दिल्यास ती मिळेपर्यंत भाडे न देता राहण्याची मुभा भाडेकरूला दिलेली असते. अशी अट नसताना पैसे अडकले, तर लेखी नोटीस देऊन दिवाणी दावा दाखल करता येतो. पैशाच्या वसुलीच्या अशा दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते.